टिंबं मोजून वय सांगणारे चाकू

अमेरिकेतल्या जुन्या चाकूंच्या बाजारात मुरलेलं गिऱ्हाईक आधी धार बघत नाही. पातं उघडतं आणि भिंग लावतं ते पात्याच्या बुडाशी, मुठीत शिरण्याआधीच्या नखाएवढ्या सपाट जागेवर. कारखान्याचा ठसा तिथे असतो, आणि खिशात मावणाऱ्या त्या घडीच्या चाकूची किंमत बरीचशी त्या ठशावर ठरते.

पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डच्या 'केस' कंपनीने तर या मंडळींची फारच सोय करून ठेवली आहे. १९२० ते १९४० पर्यंतच्या चाकूंवर 'केस टेस्टेड एक्सएक्स', मग १९६४ पर्यंत नुसतं 'केस एक्सएक्स', १९६५ पासून त्याच्या जोडीला 'यूएसए'. १९७० साली ठशाखाली दहा टिंबं आली आणि पुढे दरवर्षी एकेक गळत गेलं. सात टिंबं दिसली की चाकू १९७३ चा. हा बदल कानावर येताच शौकिनांनी गावोगावच्या हार्डवेअरच्या दुकानांत धूळ खात पडलेला बिनटिंबांचा माल उचलायला सुरुवात केली. दुकानदारांना काही काळ कळेचना, की जुन्या मालाला एवढा उठाव कसा आला!

चाकूवरचा नंबरही बोलका असतो. ६२५४ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, २ म्हणजे दोन पाती, ५४ हा नमुना. सुरुवातीला ५ असेल तर मूठ शिंगाची. त्यात नावाजलेलं ते सांबरशिंग, आणि ते जायचं भारतातून. पुढे भारताने त्याची निर्यात बंद केली, तशी जुन्या शिंगाच्या मुठींची किंमत आणखी चढली.

मुळात हा धंदा अमेरिकेने इंग्लंडकडून उचलला. शेफिल्डहून आलेल्या कारागिरांनी १८५२ मध्ये 'न्यूयॉर्क नाइफ कंपनी' काढली आणि चार वर्षांत ती वॉल्डन गावात हलवली. तरी शेफिल्डचा माल येतच राहिला. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर जबर जकात बसवली आणि मालावर देशाचं नाव छापणंही सक्तीचं केलं. देशी कारखाने त्या आडोशाला वाढले. पहिलं महायुद्ध संपल्यावर बंदुका बनवणारी 'रेमिंग्टन'ही चाकूंत उतरली. मुठीवर काडतुसाच्या आकाराची छोटी पट्टी जडवलेले तिचे १९२० च्या दशकातले 'बुलेट' चाकू आज भल्याभल्यांना परवडत नाहीत.

छंद म्हणून याला जोर आला तो मात्र उशिरा. १९६८ च्या कायद्याने बंदुकांच्या खरेदी-विक्रीवर बंधनं आणली, तेव्हा जुन्या बाजारात बंदुकांची देवघेव करणारे बरेच जण चाकूंकडे वळले.

पैसा आला तिथे लबाडीही आली. एखादा सामान्य जुना चाकू घ्यायचा, त्यावरचा ठसा घासून काढायचा आणि भारी नाव ठोकायचं. पण घासलं की पोलाद झिजतं. म्हणून जाणकार चाकू उभा धरून सगळ्या पात्यांची बुडं शेजारी शेजारी बघतात. एकच बूड बाकीच्यांपेक्षा पातळ दिसलं, बाजूला फट पडली, की तो चाकू परत टेबलावर. वर्षानुवर्षं धार लावून पातं निमुळतं झालं असेल तरी भाव पडतो. आजोबांचा चाकू विकण्याआधी नातू हौसेने पॉलिशच्या चाकावर चकचकीत करून आणतो, तोही असाच मार खातो. ठशाच्या कडा बोथट झालेल्या असतात. जुन्या पोलादावरचा काळपट रंग या लोकांना हवा असतो, गंज नको असतो.

सर्वांत दगाबाज म्हणजे रंगीबेरंगी सेल्युलॉइडच्या मुठी. जुनं सेल्युलॉइड हळूहळू कुजतं, त्यातून आम्लाची वाफ निघते आणि स्वतःचंच पातं गंजवते. पेटी बंद असेल तर शेजारचे चांगले चाकूही त्यात जातात. म्हणून असे चाकू वेगळे आणि हवेशीर जागी ठेवतात. मुठीवर बारीक तडे किंवा लोखंडावर अचानक तांबूस डाग दिसले, की तो नग संग्रहातून त्याच दिवशी बाहेर काढला जातो, मग ठसा कितीही दुर्मीळ असो.