माळ्यावरचा तंबोरा

दिवाळीची साफसफाई काढली की माळ्यावरून काय काय खाली येतं, ते तुम्हां बायकांना वेगळं सांगायला नको. कानतुटक्या बरण्या, मुलांचा पाळणा, पाय मोडलेला पाट, अन् ‘असू दे, लागेल कधीतरी’ म्हणून बांधून ठेवलेली गाठोडी. आमच्या कवठे महांकाळच्या घरात ह्या सगळ्याबरोबर एक तंबोराही खाली यायचा. गवसणीवरची धूळ झटकायची अन् पुन्हा वर ठेवायचा. माझ्या लग्नाला एकतीस वर्षं झाली. तेवढी वर्षं हे काम मी न चुकता केलं, पण त्यातून सूर निघालेला काही ऐकला नाही.

तंबोरा सासूबाईंचा. लग्नाआधी त्या मिरजेला मामांकडे राहून गाणं शिकत होत्या. लग्नात मामांनी भांड्यांबरोबर हाही दिला. इथे आल्यावर चार-पाच वर्षं वाजला असेल. मग एक तार तुटली. तार आणायला मिरजेला जाणार कोण? घरात लहान मुलं, शेतीचा व्याप, अन् त्यात 1972 चा दुष्काळ. आमच्या भागात त्या वर्षी प्यायच्या पाण्याची भ्रांत होती, तिथे तंबोऱ्याच्या तारेची काय कथा! तो गवसणीत गेला तो गेलाच. हळदीकुंकवाला त्या दोन कडवी म्हणत, तीही पेटीवर, नाहीतर नुसतीच.

गेल्या वर्षी हायवेला नवं हॉटेल काढणारे एक गृहस्थ आले. दर्शनी भिंतीवर शोभेला लावायला जुना तंबोरा हवा होता त्यांना. दोन हजार द्यायला तयार. सासूबाई म्हणाल्या, “देऊन टाका की. जागा अडवून बसलाय नुसता.” ह्यांनाही ते पटलं. पण मला एक गोष्ट ठाऊक होती. दर खंडेनवमीला विळी, कुऱ्हाड, शिवणयंत्र पुजून झालं की सासूबाई त्या गवसणीलाही हळदकुंकू लावतात. कुणी बघत नाही असं पाहून लावतात. मी म्हटलं, “आत्या, दोन महिने थांबा. मी दुरुस्त करून बघते. नाहीच जमलं, तर हॉटेल आहेच.”

आता हा उत्साह मला आला कुठून, ते सांगते. माझा धाकटा इंजिनिअरिंगला आहे. त्याने मित्राकडून एक मोडकी इलेक्ट्रिक गिटार बाराशे रुपयांत आणली होती. मोबाइलवरचे व्हिडिओ बघून, सुट्टीभर डाख देत बसून त्याने ती बोलती केली. ती कशी चालते हेही मला समजावलं. तारांच्या खाली लोहचुंबकावर बारीक तारेचं वेटोळं असतं. पोलादी तार हलली की त्या वेटोळ्यात इवलीशी वीज तयार होते, ती मोठी करून स्पीकरला दिली की झाला आवाज. म्हणून ती गिटार भरीव लाकडाची असली तरी चालते. आपल्या तंबोऱ्याला वीज नाही, स्पीकर नाही. त्याचा स्पीकर म्हणजे तो भोपळा अन् त्यावरची लाकडी तबली. ते दोन्ही धड असले तरच गाडं पुढे जायचं.

आमचा भोपळा धड होता का? नव्हता. एका बाजूला बोटभर चीर, तबलीची कड एके ठिकाणी सुटलेली, चारांपैकी तीन तारा गंजलेल्या, चौथी नाहीच. खुंट्या जागच्या हलेनात. बरं, दांडी सरळ होती. तेवढ्यावर मी पदर खोचला.

पहिली चूक पहिल्याच दिवशी केली. ओल्या फडक्याने खसाखसा पुसलं. दुसऱ्या दिवशी पाहते तो पॉलिशवर पांढुरके डाग! जुन्या वाद्यांचं पॉलिश लाखेचं असतं, त्याला पाणी सोसत नाही. कोरडं मऊ फडकं अन् नक्षीच्या खाचांसाठी जुना दाढीचा ब्रश, एवढंच पुरे होतं.

दुसरी चूक खुंट्यांची. चारही काढून ताटात ठेवल्या, पुसल्या, अन् मग कोणती कुठली ते कळेना. खुंटी शेंड्याकडे निमुळती असते अन् वर्षानुवर्षं आपल्याच भोकात फिरून तिथलीच होऊन जाते. दुसरीकडे घातली की एक तर अडकते नाही तर सुटते. अर्धा दिवस जोड्या लावत बसले. तुम्ही कधी काढल्यात तर आधी पेन्सिलीने एक-दोन-तीन-चार लिहा. घसरणाऱ्या खुंटीला शाळेतल्या खडूची पूड लावायची, अन् घट्ट बसून फिरतच नसेल तर कोरडा साबण किंचित चोळायचा.

तबलीची सुटलेली कड मी दुकानातल्या पांढऱ्या गोंदाने चिकटवली, वर वरवंटा ठेवून. छान बसली. ही तिसरी चूक, पण ती तेव्हा कळली नाही.

चौथी मात्र अशी की आठवली तरी हात गार पडतात. तबलीवर मधोमध रुंद पट्टीसारखी जी असते, जिच्यावरून तारा जातात, ती घोडी. आमची हाडाची होती. तिच्यावर तारांनी पाडलेले चरे, मळ, पिवळटपणा. चिरंजीव म्हणाला, “आई, हे सपाट करून टाक. गिटारीला खाचा पडल्या की तार खरखरते.” मलाही पटलं. बारीक पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्याला गुंडाळला अन् चांगला तासभर घासून घोडी अशी गुळगुळीत केली, की दुपारच्या उन्हात चमकावी. नव्या तारा चढवल्या, पेटीवर सूर धरून लावल्या, अन् छेडलं.

टण्ण. बस्स. दोरीवर कपडे वाळत घालताना तार वाजावी तसा आवाज, अन् लगेच मिटला. सासूबाई आतून बाहेर आल्या. तंबोऱ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. काही बोलल्या नाहीत. तांदूळ निवडायला घेतलेलं सूप तसंच हातात होतं.

त्या रात्री मला झोप नाही. दोन हजारांची वस्तू बिघडली ह्याचं दुःख नव्हतं. पन्नास वर्षं न वाजलेला का होईना, तो नीट तरी होता. तो मी माझ्या हाताने मुका केला, असं वाटत राहिलं.

दुसऱ्या दिवशी गादीच्या चादरीत गुंडाळून तंबोरा गाडीत घातला अन् मिरज गाठली. तासाभराचा रस्ता. आपल्याकडच्या बायका मिरजेला जातात त्या दवाखान्यासाठी. मीही शंभरदा गेले असेन, पण सतारमेकर गल्लीत कधी पाऊल टाकलं नव्हतं. दीडशेहून अधिक वर्षं तिथे सतारी अन् तंबोरे होतात. ही मंडळी मूळची शिकलगार, तलवारी-हत्यारांना धार लावणारी. इंग्रजी अमलात हत्यारांचं काम आटलं, तेव्हा फरीदसाहेब शिकलगारांसारख्या कारागिरांनी हातातलं कसब वाद्यांकडे वळवलं. पटवर्धन संस्थानिक गाण्याचे शौकीन, गावात गवयांची ये-जा, त्यामुळे धंदा रुजला. पुढे किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेतच येऊन राहिले. 1937 साली ते गेल्यावर मीरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांचं दफन झालं, अन् दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. 2024 साली मिरजेच्या सतारीला अन् तंबोऱ्याला सरकारी भौगोलिक मानांकनही मिळालं. आपला अंगठ्याएवढा भाग, पण केवढा मान!

एका म्हाताऱ्या कारागीर चाचांनी तंबोरा मांडीवर घेतला. घोडीवरून एकदाच बोट फिरवलं अन् हसले. “वहिनी, तुम्ही हिची जवारी पुसून टाकली की हो!”

मग त्यांनी समजावलं. गिटारीत तार एका धारेवर टेकलेली असते, सुटी अन् मोकळी. तंबोऱ्याची घोडी रुंद असते, अन् तिचा माथा सपाट नसतो. डोळ्याला दिसणार नाही इतका तो पुढच्या बाजूला उतरता असतो. तार हलताना त्या उतारावर हलकेच घासत राहते, अन् त्या स्पर्शातून एका सुरातून अनेक सूर फुटतात. जवारी म्हणतात ती हीच. तारेखाली एक दोरा सरकवून ती जागा नेमकी साधायची. म्हणजे मी जे खरखरणं घालवायला निघाले होते, तोच त्याचा प्राण होता. ह्या घोडीने मोठमोठ्यांना विचारात पाडलंय. 1921 साली सी. व्ही. रामन यांनी वीणा अन् तंबोऱ्यावर शोधनिबंध लिहिला. तार जिथे छेडावी तिथल्या हिशेबाने जे स्वर उमटूच नयेत, तेही तंबोऱ्यात स्वच्छ ऐकू येतात, अन् त्याचं कारण ही घोडी, असं त्यांनी दाखवलं.

पांढऱ्या गोंदावर मात्र चाचा रागावले. वाद्याला सरस लावायचा. तो गरम केला की सुटतो, म्हणजे उद्या दुरुस्तीला वाद्य उघडता येतं. पांढरा गोंद सुटत नाही, लाकूड घेऊनच निघतो. तबली उघडताना तेवढ्या जागी एक ढलपी निघालीच. आतून चिरेवर सरसात भिजवलेली कापडाची पट्टी बसली. सरस मला कौतुकाचा वाटला. रात्रभर पाण्यात भिजवायचा अन् भांड्यात भांडं ठेवून वाफेवर पातळ करायचा, उकळू द्यायचा नाही. आपण स्वयंपाकघरात करतो तसंच की! वास तेवढा सहन करायचा.

भोपळ्याचीही गंमत कळली. हा आपला भाजीचा नव्हे, जाड सालीचा कडू भोपळा. पंढरपूर-मंगळवेढ्याकडे ह्यासाठी मुद्दाम पिकवतात, महिनोन् महिने वाळवतात, मग पाण्यात भिजवून कापतात. म्हणजे मिरज-पंढरपूरची जी आगगाडी आमच्या कवठे महांकाळवरून जाते, तिच्या एका टोकाला भोपळा पिकतो अन् दुसऱ्या टोकाला त्याचा तंबोरा होतो. आम्ही मधल्या स्टेशनावर बसून द्राक्षं अन् बेदाणे मोजतो!

घोडी नवी बसली. तिची जवारी लावताना मी दोन तास शेजारी बसून होते. कानशीचा एक हलका हात, मग तार चढव, ऐक, पुन्हा उतरव, पुन्हा अर्धा हात. जुन्या टाकाऊ घोडीवर चाचांनी मलाही करू दिलं. अर्ध्या तासात माझा मनगट दुखला, अन् जवारी काही बोलली नाही. हे काम घरी करू नका, मैत्रिणींनो. बाकी पुष्कळ करता येतं, तेही स्वस्तात.

पॉलिश मी घरीच केलं. स्पिरिटमध्ये लाखदाणा विरघळवून, कापसाची पुरचुंडी सुती फडक्यात बांधून, पातळ पातळ हात द्यायचे. एक वाळल्यावर दुसरा. वास अन् भडका दोन्हींची भीती, म्हणून अंगणात, गॅसपासून लांब. जवारीचा दोरा कशिद्याच्या डब्यातला रेशमी चालला. गवसणी जुन्या इरकली लुगड्याची शिवली, आतून गोधडीसारखा थर देऊन. तारा बदलताना चेहरा जवळ नेऊ नका. गंजकी तार तुटली तर डोळ्यावर येते. तीन तारा पोलादी अन् चौथी, खर्जाची, पितळेची.

खर्च विचाराल तर तारा, लाख, स्पिरिट अन् किरकोळ मिळून आठशे, चाचांचे बावीसशे. एकंदर तीन हजार. माझ्या चुका वगळल्या असत्या तर हजारभर वाचले असते. नव्या तंबोऱ्याची किंमत चाचांना विचारली, अन् लगेच दुसरा विषय काढला. हल्ली गाणाऱ्यांचं काम यंत्रातल्या तंबोऱ्यावर, मोबाइलवरही भागतं, हे खरं. त्याला भोपळा नाही अन् चीर जायची भीती नाही. आमच्याकडच्या चैत्र-वैशाखात मात्र ही भीती आहे. म्हणून तो आता माळ्यावर नाही, पत्र्याखाली तर नाहीच. आतल्या खोलीच्या कोपऱ्यात, उन्हापासून दूर, तारा किंचित उतरवून उभा असतो. गवसणीत कडुलिंबाचा पाला.

हॉटेलवाल्या गृहस्थांना निरोप पाठवला. त्यांनी भिंतीवर बैलगाडीचं चाक लावलंय.

सासूबाईंनी पहिले आठ दिवस तंबोऱ्याला हात लावला नाही. मीच संध्याकाळी पेटीवर सूर धरून लावत बसायची. पूर्वी त्या काळी चारमध्ये गायच्या म्हणे, म्हणून मी तिथेच लावायची अन् तारा ताणून धास्तावायची. नवव्या दिवशी देवापुढे वाती करता करता त्या म्हणाल्या, “एवढ्या वर कशाला ओढतेस? आता मला पांढरी चार पुरे. अन् पंचम उतरलाय तुझा, कान कुठे आहे?” मग हात पुसून जवळ आल्या, खाली बसायला त्यांना वेळ लागतो, पण बसल्या, अन् खुंटी त्यांनीच पिळली.