स्टंपांमागून दिसणारा खेळ

निमगाव सावात पोरांचा सराव दिवस मावळायच्या आत आटोपावा लागतो. मैदानाला लागून ऊस आहे, आणि जुन्नर तालुक्यात बिबट्याचं भय कुणाला नव्याने सांगायला नको. रात्रपाळीची वीज असली की निम्मी पोरं पिकाला पाणी द्यायला जातात. मिळालेला तास-दीड तास कशावर घालवायचा, हे ठरवणं म्हणजेच संघ चालवणं. बरीच वर्षं मी यष्टिरक्षण केलं, गुडघे कुरकुरायला लागले तसा या कामाला लागलो. खेळणं आणि खेळवून घेणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आमचा एक डावखुरा सारखा त्रिफळाचीत होत होता. बॅट आडवी येते, असं सगळ्यांचं मत. मी त्याच्या मागे स्टंपांजवळ उकिडवा बसलो. बॅट सरळच येत होती. चेंडू सुटायच्या आधीच त्याचा उजवा पाय लेगला पडायचा, त्यापाठोपाठ डोकं कलायचं आणि बॅट-पायामध्ये चेंडू निघून जाईल एवढी फट राहायची. सीमारेषेवरून हे दिसत नाही. क्रीजपुढे फक्कीची एक रेघ ओढली, पाय तिच्यावरच टाकायला सांगितला. पाच-सहा दिवसांत फट बुजली.

यष्टिरक्षकाला गोलंदाजाचं मनगट, फलंदाजाचे पाय आणि समोरचं सगळं क्षेत्ररक्षण एकाच जागेवरून दिसतं. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये कॅचरची जागा अशीच. कॉनी मॅक हा कॅचर पुढे 1901 ते 1950 फिलाडेल्फिया ॲथलेटिक्सचा मॅनेजर राहिला. डगआउटमध्ये सुटाबुटात बसून हातातल्या धावपत्रिकेने तो क्षेत्ररक्षक हलवायचा.

आपल्याकडे स्टंपांमागच्या नजरेने संघ घडवायचं काम चंद्रकांत पंडित यांनी शिखरावर नेलं. प्रशिक्षक रमाकांत आचरेकर सरांचे शिष्य, भारताचे यष्टिरक्षक, 5 कसोटी आणि 36 एकदिवसीय सामने. 1999 च्या रणजी अंतिम सामन्यात बंगळुरूत ते मध्य प्रदेशचे कर्णधार होते. पहिल्या डावात 75 धावांची आघाडी होती, सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचा होता. पण शेवटच्या दिवशी संघ 150 धावांत कोसळला आणि कर्नाटक 96 धावांनी जिंकलं.

प्रशिक्षक म्हणून त्यांनी मुंबईला तीनदा रणजी जिंकून दिली. मग विदर्भाला 2017-18 आणि 2018-19 अशी लागोपाठ दोनदा. विदर्भाचं यश मला सर्वांत मोठं वाटतं. त्याआधी त्या संघाने एकदाही करंडक उचलला नव्हता. शिस्तीचा माणूस अशी पंडितांची ख्याती. त्या शिस्तीचा जाच होतो म्हणणारेही आहेत. पण नियम कर्णधारापासून बाराव्या खेळाडूपर्यंत सारखा असेल, तर पोरं तो पाळतात, हे मी आमच्या मैदानावर रोज पाहतो. जून 2022 मध्ये त्याच बंगळुरूत, त्याच चिन्नास्वामी मैदानावर, पंडित प्रशिक्षक असलेल्या मध्य प्रदेशने रणजीच्या अंतिम सामन्यात मुंबईला सहा गडी राखून हरवलं. तिथे पंडितांच्या हातात ना बॅट होती ना ग्लोव्हज. सामना सुरू झाला की प्रशिक्षकाचे हात बांधलेलेच असतात. जे करायचं ते आधीच करून ठेवावं लागतं.

गावातल्या पोरांसाठीही हे आधीचं काम कुणीतरी करायला हवं. जत्रेतल्या स्पर्धांच्या बक्षिसांसाठी गावोगाव वर्गणी निघते. त्यातला थोडा वाटा बाजूला काढा आणि गावातल्या एखाद्या जुन्या खेळाडूला वर्षभर पोरांच्या मागे उभं करा.