बोटांमधली पानगळ

‘ग्रहणात काहीतरी चिरलंस ना गं?’ नातीच्या बारशाला आलेल्या आमच्या वन्सं सूनबाईला म्हणाल्या आणि पाळण्याभोवतीचा गलका एकदम थांबला. बाळाच्या उजव्या हाताची मधली दोन बोटं, म्हणजे मधलं आणि करंगळीशेजारचं, नखांपर्यंत कातडीने जोडलेली होती. सूनबाईने मान खाली घातली. तिला आठवलं होतं. २५ ऑक्टोबर २०२२, लक्ष्मीपूजनाचा दुसरा दिवस. संध्याकाळी सूर्य ग्रासलेला असतानाच मावळला आणि सातवा महिना चालू असलेल्या या पोरीने त्याच वेळी ओट्याशी उभं राहून कोशिंबिरीची काकडी चिरली. काकडी आणि सुरी तिच्या हातात मीच दिली होती.

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. ग्रहणाची आकृती डोळे मिटून फळ्यावर काढीन. आणि त्या दिवशी काय केलं? घुगऱ्यांच्या वाट्या भरत राहिले. वन्सं वयाने मोठ्या, घरात शुभकार्य, चार पाहुणे... कारणं काय, हवी तितकी सापडतात. रात्री बाळाला पाजताना सूनबाई रडत होती ते दाराबाहेरून ऐकलं, तेव्हा मात्र माझी मलाच लाज वाटली.

मग वाचायला बसले. आमच्या कॉलेजच्या दिवसांत पेशी मरते म्हणजे तिला इजा होते, एवढंच आम्हाला शिकवलेलं. पण पेशी ठरवून, वेळ आली की स्वतःला आवरतेसुद्धा. त्याला १९७२ साली केर, वायली आणि करी या तीन शास्त्रज्ञांनी ‘अपॉप्टोसिस’ असं नाव दिलं. ग्रीक शब्द आहे, झाडाची पानं गळतात त्यासाठीचा. आपली पानगळच की!

गर्भात हात पहिल्यांदा घडतो तो कालथ्यासारखा, सपाट. त्यात बोटांच्या रेघा उमटतात आणि मग त्या रेघांमधल्या पेशी मरतात, तेव्हा बोटं सुटी होतात. म्हणजे बोटं फुटत नाहीत, कोरली जातात! कोंबडीच्या पायातही हेच घडतं. बदकाच्या पायात मात्र त्या पेशींना मरायचा निरोप पोचू दिला जात नाही, म्हणून पडदा टिकतो आणि बदक पोहतं.

हे कोरण्याचं काम बरंचसं करतात ती ‘कॅस्पेज’ नावाची एन्झाइम्स. शाळेच्या पुस्तकातली विकरं. प्रथिनं कापणारी विकरं पोटातही असतात, आपली डाळ-उसळ तीच पचवतात. पण ती दिसेल ते कापत सुटतात. कॅस्पेज मात्र चोखंदळ. प्रथिन म्हणजे मण्यांची माळ धरली, तर अ‍ॅस्पार्टिक आम्ल नावाच्या मण्याच्या पुढेच ही कात्री चालते. आणि तेही प्रत्येक अ‍ॅस्पार्टिकपुढे नाही, आजूबाजूचे मणी पसंत पडले तरच. एरवी ती पेशीत म्यान घालून निजलेली असते. निरोप आला की आधी काही कॅस्पेज जागी होतात, ती दुसऱ्यांचं म्यान कापतात आणि मग ही दुसरी फळी कामाला लागते. पेशीचा सांगाडा कापते, केंद्रकाचं अस्तर कापते. डीएनए तोडणारं एक विकर पेशीत बांधून ठेवलेलं असतं, त्याची दोरीसुद्धा हीच कापते. जुना वाडा उतरवतात ना, आधी कौलं, मग वासे, मग तुळया, तसं. शेवटी पेशीची गाठोडी होतात आणि शेजारच्या पेशी ती गिळून टाकतात. सूज नाही, पू नाही. बाळाचं दूध तुटल्यावर छातीतल्या दूध बनवणाऱ्या कितीतरी पेशी अशाच जातात. आपल्याला पत्ताही लागत नाही.

हे कळलं कसं, तर एक मिलिमीटरच्या किड्यामुळे. त्याच्या घडणीत १०९० पेशी तयार होतात आणि त्यातल्या बरोब्बर १३१ मरतात. हे शोधणाऱ्या ब्रेनर, हॉर्विट्झ आणि सल्स्टन यांना २००२ चं नोबेल मिळालं. पण त्या १३१ पेशींना मारणाऱ्या जनुकातून नक्की काय बनतं, हे १९९३ मध्ये उलगडलं ते जुनयिंग युआन या चीनमधून अमेरिकेत शिकायला आलेल्या बाईंच्या कामातून. ते निघालं प्रथिन कापणारं विकर, माणसातल्या एका विकराचं भावंडच.

मग मी कॅलेंडर घेऊन सूनबाईशेजारी बसले. गर्भ राहिल्यापासून आठवा आठवडा संपेपर्यंत बोटं सुटी झालेली असतात. तिच्या हिशेबाने ते जून महिन्यातच आटोपलं होतं. ग्रहण ऑक्टोबरात! ‘आणि हे बघ,’ मी म्हटलं, ‘तू कापलंस म्हणून नाही झालं हे. आत जे कापलं जायला हवं होतं, ते कापलं गेलं नाही.’ ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आई, हे तुम्ही बारशाला का नाही बोललात?’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर्जननी पहिल्याच भेटीत विचारलं, ‘घरात आणखी कुणाची बोटं जोडलेली? पायाची?’ आम्ही एका सुरात ‘नाही’ म्हणालो. त्यांनी माझ्या लेकाला बूट-मोजे काढायला लावले. अंगठ्याशेजारची दोन बोटं निम्म्यापर्यंत जुळलेली! लहानपणी रोज न्हाऊ घातलेले पाय, पण ते काही वेगळं आहे असं कधी मनातच आलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, हे घराण्यात उतरू शकतं, कुणाच्या पायात दिसतं, कुणाच्या हातात. आणि मला वन्संचं लग्न आठवलं. त्यांची जोडवी काही केल्या पुरती चढेनात, सोनाराने ती उघडून, वाकवून दिली होती.

मी त्याच संध्याकाळी फोन केला. बारशाला बोलायला हवं होतं ते सगळं बोलले, जोडव्यांसकट. पलीकडे शांतता. मग, ‘बाबांचीही तशीच होती गं,’ एवढंच.

दीड वर्षाची झाल्यावर नातीचं ऑपरेशन झालं. मांडीजवळची कातडी काढून बोटांमध्ये लावली. वन्सं आल्या होत्या, दिवसभर सूनबाईशेजारी बाकावर बसून होत्या. माफी वगैरे काही मागितली नाही. डबा मात्र आणला होता.

आता पोरगी दोन्ही हातांनी भाकरी थापायचा हट्ट धरते. परवा वन्संच्या पायाशी बसून त्यांची बोटं सोडवायचा प्रयत्न चालला होता. ‘आजी, हे चिकटलंय.’ ‘असू दे,’ वन्सं म्हणाल्या, ‘तुझ्या पणजोबांचंही असंच होतं.’