बनगरवाडीची तालीम आणि शेकूचा बैल

शेतकरी बंधूंनो, कादंबरी वाचायला आपल्याला वेळ कुठला, असं तुम्ही म्हणाल. तरी व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' एकदा हातात घ्याच. लहानसं पुस्तक आहे, दोन रात्रींत होतं. १९५५ साली निघालं. १९९५ साली अमोल पालेकरांनी त्यावर काढलेला चित्रपट कुणी पाहिला असेल, पण पुस्तकाची चव वेगळी.

गोष्ट औंध संस्थानातल्या माणदेशाची. मेंढरांवर जगणाऱ्या धनगरांची वाडी आणि तिथं नेमणुकीवर आलेला पोरसवदा मास्तर, राजाराम विठ्ठल सौंदणीकर. शाळा आहे, पण पोरं रानात मेंढरांमागं. म्हाताऱ्या कारभाऱ्यानं मनावर घेतल्यावर ती यायला लागतात. गावात नोकरी करणाऱ्या मंडळींनी हा भाग सावकाश वाचावा. हुकूम वरून येतो, पण गाव हलतं ते कारभाऱ्याच्या शब्दानं. पुढं कागदपत्र, पैशाची कामं, भांडणं, सगळंच मास्तरच्या गळ्यात पडतं. मला हा कारभारी आवडतो आणि त्याची धास्तीही वाटते. मास्तरवर पोटच्या पोरासारखी माया करणारा हा माणूस, गैरसमज होताच त्याच्याशी बोलेनासा होतो. असा एक तरी म्हातारा तुमच्याही पारावर बसलेला असेल.

पण पुस्तक मिटल्यावर डोळ्यांपुढून जात नाही ती शेकूची बायको. पेरणीचे दिवस आलेत आणि शेकूच्या बैलाला जोडीला दुसरा बैल नाही. वाफसा काय कुणासाठी थांबतो? मग औताच्या जूला एकीकडं बैल आणि दुसरीकडं ती बाई. शहरातल्या वाचकाला हे अचाट वाटत असेल. तुम्हाआम्हाला वाटणार नाही. एक बैल ऐन हंगामात गेला की घराचं काय होतं, ते ज्याच्या दावणीचं गेलं त्याला विचारा.

माडगूळकरांची खुबी अशी, की इथं ते रडत नाहीत आणि आपल्यालाही रडा म्हणत नाहीत. बाई जूला लागली, एवढं सांगून पुढं जातात. वाक्यं आखूड, वर्णन मोजकं. मास्तर सांगतो ते सरळ लिहिण्याच्या भाषेत, आणि माणसं तोंड उघडतात ती थेट माणदेशी बोलीत. गावाकडची बोली हसवण्यासाठी वापरणारी पुस्तकं आपण पुष्कळ पाहिली. इथं बोलीला कुणी हसत नाही. लेखक स्वतः आटपाडीजवळच्या माडगूळचे, त्यामुळं ऐकीव माल नाही.

आता माझी अडचण सांगतो. मास्तरच्या मनात येतं, वाडीला एक तालीम असावी. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्काराचे मोठे पुरस्कर्ते, तेव्हा त्या मुलखात हे सुचणं नवलाचं नाही. सगळी वाडी राबते, भिंती उभ्या राहतात, राजेसाहेबही येतात. ही पानं वाचताना छाती फुगते. मग दुष्काळ पडतो. माणसं मेंढरं घेऊन मुलूख सोडतात. तालीम आहे, पण घुमणारा पोरगा नाही. कुलूप लागलेलं समाजमंदिर ज्यांच्या गावात आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मला प्रश्न पडला तो असा. तालमीला दगडमाती वाहायला जी वाडी एक झाली, तिला शेकूसाठी एक बैल का काढता आला नाही? पहिल्या वाचनात मला वाडीचा राग आला. पुन्हा वाचलं तेव्हा हिशेब ध्यानात आला. तालमीचं काम सवडीनं करता येतं, आज नाही तर उद्या. बैल मात्र सगळ्यांना त्याच चार दिवसांत लागतो. शेजाऱ्याला बैल दिला आणि आपलं रान वाळलं, तर वर्षभर पोरं काय खातील? वाडीतली माणसं वाईट नाहीत, सगळ्यांचीच ओल एकदम उडून चाललेली असते. सावडीनं पेरणी करणाऱ्यांनाही पहिलं रान कुणाचं, यावरून झालेली भांडणं आठवत असतील.