हवामानबदल व ग्रामरचना : जुन्नर–आंबेगाव

बदलत्या पर्जन्यमानाला व उष्णतेला अनुसरून वसतिस्थानाची निवड, घरबांधणी व जलनिःसारण यांत केलेले फेरबदल. पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांत सह्याद्रीच्या माथ्याकडे अतिवृष्टी, तर पूर्वेस अवर्षणप्रवण पट्टा आढळतो. त्यामुळे एकाच तालुक्यात घरबांधणीच्या दोन पद्धती रूढ झाल्या. पश्चिमेस कारवीचे कूड, उतरती छपरे व झड अडविणारी खोल वळचण. पूर्वेस जाड मातीच्या भिंती व माळवद. शिवनेरीवरील गंगा-जमुना टाकी ही उन्हाळ्यासाठी पाणी साठविण्याची जुनी उदाहरणे होत.

पुणे येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेल्या व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार मध्य भारतात १९५० ते २०१५ या काळात विस्तृत क्षेत्रावरील अतिवृष्टीच्या घटना सुमारे तिपटीने वाढल्या. डोंगरउतारावर अशा पावसाचे पाणी मातीत मुरून खालच्या कठीण बेसाल्टपाशी अडते. मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढतो, घर्षण घटते आणि मातीचा थर घसरतो. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर दरड कोसळून १५१ व्यक्ती मृत्युमुखी पडल्या. अतिवृष्टी हे तात्कालिक कारण होते. उतार सपाट करून भातखाचरे करण्याच्या ‘पडकाई’चा त्यात किती वाटा होता, याविषयी मतभेद आहेत. आमडे येथे वसविलेल्या नव्या गावाचे लोकार्पण २ एप्रिल २०१७ रोजी झाले. घरे भूकंपरोधक होती. तथापि त्याच वर्षीच्या जूनमधील जोरदार पावसात तेथील भराव खचला व रस्त्यांना तडे गेले. घर मजबूत असणे पुरेसे नाही, जागा व निचरा तितकेच निर्णायक आहेत, हे यावरून दिसून येते.

म्हणून घळीच्या तोंडाशी व ताज्या भरावावर वस्ती टाळणे, वस्तीच्या वरच्या अंगास पाणी वळविणारे चर खणणे, संरक्षक भिंतींत निचऱ्याची छिद्रे ठेवणे आणि उतारावरील झाडोरा राखणे हे उपाय अग्रक्रमाचे ठरतात. उतारावर नव्या भेगा पडणे, झरे अचानक गढूळ होणे वा झाडे कलणे ही पूर्वसूचना समजून वस्ती तत्काळ हलवावी लागते. उष्णतेच्या दृष्टीने पत्र्याखाली हवेशीर माळा व रुंद वळचण उपयुक्त ठरते. रायगड जिल्ह्यातील तळीये (२०२१) व इर्शाळवाडी (२०२३) येथील दुर्घटनांमुळे हा प्रश्न संपूर्ण सह्याद्रीचा असल्याचे स्पष्ट झाले.