चिकणमाती, कापड आणि आठ अंशांचा कोन

चिखलात गाडीचे चाक रुतू लागले की शेतकरी वाटेवर पाला-काटक्या पसरतो. कचरा पुरण्याच्या खड्ड्यात चिकणमातीवर कापड अंथरणारा अभियंता त्याच जातीचे काम करीत असतो. हे कापड म्हणजे ‘जिओटेक्स्टाइल’. आपण त्याला भूवस्त्र म्हणू.

खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती कशासाठी? तिचे कण अतिशय बारीक असतात. योग्य ओलाव्यावर दाबून बसवलेल्या थरातून पाणी सेकंदाला एका सेंटिमीटरच्या एक कोटीव्या भागापेक्षा जलद झिरपू नये, असा दंडक आहे. गणित करून पाहा. वर्षाला जेमतेम ३ सेंटिमीटर! कचऱ्यातले विषारी पाणी विहिरींपर्यंत पोचू नये म्हणून हा बंदोबस्त.

मात्र चिकणमाती दाब सोसते, ताण सोसत नाही. भिजली की तिची पकडही ढिली होते. तेथे पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे भूवस्त्र मदतीला येते. विणलेले भूवस्त्र ताण स्वतःवर घेते. नमद्यासारखे, न विणलेले भूवस्त्र पाणी जाऊ देते, पण मातीचे कण अडवते.

इतके थर घातले म्हणजे झाले का? अमेरिकेत कॅलिफोर्नियातील केटलमन हिल्स येथे घातक कचऱ्याचा असाच एक खड्डा होता. तळाला आणि उतारांवर प्लॅस्टिकचे जाड तक्ते, पाणी वाहून नेणारी जाळी, भूवस्त्र आणि दाबलेली चिकणमाती असे थर होते. कचऱ्याचा ढीग सुमारे २७ मीटर उंच झाला होता, आणि खड्ड्याचा एकच भाग भरल्यामुळे त्याची एक बाजू मोकळी होती. १९ मार्च १९८८ रोजी हा सारा ढीग सुमारे ११ मीटर आडवा सरकला आणि काही ठिकाणी ४ मीटरहून अधिक खचला.

कॅलिफोर्निया विद्यापीठातील सीड, मिचेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कारण शोधले. ढीग घसरला तो थराथरांच्या सांध्यांवर! गुळगुळीत प्लॅस्टिक आणि भूवस्त्र, प्लॅस्टिक आणि जाळी, प्लॅस्टिक आणि ओली चिकणमाती यांच्यामधला घर्षणकोन काही ठिकाणी अवघा ८ अंश भरला. त्याची स्पर्शज्या ०.१४. म्हणजे १०० किलोग्रॅमची वस्तू सरकवायला १४ किलोग्रॅम वजनाइतका जोर पुरे. कोरड्या वाळूवर वाळू सरकवायला त्याच्या चौपट लागतो! प्रत्येक थर आपापल्या जागी उत्तम असून उपयोग झाला नाही. पुढे उतारांवर खरबरीत पृष्ठाचे तक्ते वापरात आले, आणि प्रत्यक्ष वापरायचेच कापड व तीच माती एकमेकांवर दाबून, सरकवून पाहण्याच्या चाचणीला महत्त्व आले.

ही चाचणी वर्गातही होईल. फळीवर प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा. लाकडी ठोकळ्याला सुती कापड गुंडाळून त्यावर ठेवा आणि फळीचे एक टोक हळूहळू उचला. ठोकळा घसरू लागताच टोकाची उंची भागिले पायाची लांबी काढा, तोच घर्षणगुणांक. नंतर कापडाऐवजी गोणपाट घ्या. शेवटी ठोकळ्याखाली ओल्या चिकणमातीचा पातळ लेप द्या, आणि तिन्ही आकडे वहीत शेजारी-शेजारी मांडा.