पिल्लू घरी आणायचे असेल तर



या महिन्याच्या भित्तिपत्रकासाठी बाईंनी सांगितले, "जे तुम्ही स्वतः करून पाहिले त्यावरच लिहा." मी कुत्र्याच्या पिल्लावर लिहिते. आपल्या गावात एका घराआड कुत्रा आहे. पण कुत्र्याला शिकवायचे असते हे ऐकून माझी आजी हसली. म्हणाली, "कुत्र्याले का शिकवतेस वं? तो का चौथीत बसणार हाय?"

पण आपले गाव शहरासारखे नाही. आपण मूल तालुक्यात राहतो. आपल्या धानाच्या बांध्या संपल्या की जंगल लागते, आणि ते जंगल ताडोब्यापर्यंत जाते. ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९९५ साली अंधारी अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला. म्हणजे वाघ आणि बिबट हे आपले शेजारीच आहेत. येथे न शिकलेला कुत्रा फार दिवस टिकत नाही. म्हणून मी लिहिते.

शेजारच्या काकूंच्या कुत्रीने तान्ह्या पोळ्याच्या दिवशी कुडामागे पाच पिल्ले दिली. मी लगेच एक मागितले. काकू म्हणाल्या, "आता नाही. दिवारीले ने." तेव्हा मला राग आला होता, पण काकूंचे बरोबर होते. पिल्लू जन्मते तेव्हा त्याचे डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. साधारण दोन आठवड्यांनी डोळे उघडतात. ते आठ आठवडे आईजवळ राहिले पाहिजे. आईचे दूध तर मिळतेच, शिवाय भावंडांशी खेळताना त्याला चावायचे किती ते कळते. जोरात चावले की दुसरे पिल्लू केकाटते आणि खेळ थांबवते. लवकर आणलेल्या पिल्लाला हा धडा मिळत नाही, मग ते आपल्या हाताला जोरात चावते. पोळ्यापासून दिवाळीपर्यंत बरोबर दोन महिने होतात. म्हणून त्याचे नाव आम्ही तान्या ठेवले. नाव छोटे असावे, म्हणजे हाक मारायला सोपे जाते.

त्या दोन महिन्यांत आम्ही तयारी केली. आबाजींनी बांबूचे जुने डाले दुरुस्त केले, त्यात गोणपाट आणि मायचे जुने लुगडे अंथरले. पाण्यासाठी फुटक्या माठाचे खापर घेतले. ते जड असते, पिल्लाला उलटवता येत नाही. बाबांनी उंदराचे औषध आणि धानावर फवारायच्या औषधाच्या बाटल्या खालून काढून वर फळीवर ठेवल्या. हे सगळ्यात आधी करावे. पिल्लू लहान बाळासारखे सगळे तोंडात घालते. चपलाही वर ठेवाव्यात. माझ्या भावाने ठेवल्या नाहीत. आता तो एक निळी आणि एक काळी चप्पल घालतो.

नागपूरच्या मावशीने विचारले, "गावठी कशाला आणता? आमच्याकडे बीगल आहे, त्याचे पिल्लू देते." बीगल म्हणजे इंग्लंडमधला लांब कानांचा, बुटका कुत्रा. तो सशाचा माग वासावर काढण्यासाठी पाळत. त्याचे नाक इतके तेज की अमेरिकेत १९८४ पासून विमानतळावर बीगल कुत्रे प्रवाशांच्या पेट्या हुंगून त्यात लपवलेली फळे व मांस शोधून काढतात. मला तो फार आवडला. पण बाबा म्हणाले, वासामागे नाक खाली घालून धावत सुटणारा कुत्रा आपल्या जंगलाशेजारी नको. आणि मला वाटते आपला गावठी कुत्रा काही कमी नाही. उन्हाळ्यात आपल्या चंद्रपूरला पारा ४५ अंशांच्या वर जातो, ते ऊन तो सोसतो. १९५७ साली पृथ्वीभोवती पहिल्यांदा फिरली ती लायका नावाची कुत्रीही मॉस्कोच्या रस्त्यावरचीच होती. तिला परत आणायची सोय मात्र केली नव्हती. हे वाचून मला वाईट वाटले.

तान्या आला त्या रात्री खूप रडला. आजी म्हणाली, "काऊन रडते हा? भूक लागली असन." पण तो भुकेला नव्हता. त्याला आईचा वास येत नव्हता. मग मी काकूंकडून त्याच्या आईखालचे गोणपाट मागून आणले आणि डाल्यात घातले. तिसऱ्या रात्री तो गप झोपला. रडतो म्हणून रागावू नये. आपणही पहिलीत रडलो होतो.

घाण करण्याचे शिकवणे सोपे आहे, फक्त लक्ष ठेवावे लागते. पिल्लू झोपून उठले की, खाल्ले की आणि खेळून झाले की त्याला लागते. त्या वेळी उचलून सांदवाडीत एकाच जागी न्यायचे. तेथे केले की शाबासकी द्यायची. घरात केले तर नाक त्यात घासायचे नाही. पुष्कळ लोक तसे करतात, पण पिल्लाला त्यातून काहीच कळत नाही, ते फक्त आपल्याला भिते. राख टाकून पुसून घ्यायचे, झाले. तान्या तीन आठवड्यांत शिकला.

शब्द शिकवताना मात्र आमच्या घरी मोठाच घोळ होता. मी "बस" म्हणायची, बाबा "बैस" म्हणायचे, भाऊ "सिट" म्हणायचा आणि आजी सगळ्यालाच "हाड" म्हणायची. तान्या चौघांकडे पाहून शेपटी हलवायचा. मग आम्ही जेवताना सभा घेतली आणि शब्द ठरवले. ‘तान्या, ये’, ‘बस’, ‘थांब’, ‘सोड’ आणि ‘घरी’. एवढे पाचच. सगळ्यांनी तेच म्हणायचे. आजीने कबूल केले, पण ती ‘बस’च्या पुढे ‘बापा’ लावते. तान्याला ते चालते.

शिकवायची रीत अशी. मुठीत चार मुरमुरे घ्यायचे. मूठ पिल्लाच्या नाकावरून डोक्याच्या मागे न्यायची. ते वर पाहते, आणि वर पाहताना आपोआप खाली बसते. ज्या क्षणी बसले त्या क्षणी ‘बस’ म्हणून मुरमुरा द्यायचा. उशीर झाला तर मुरमुरा कशाचा मिळाला ते त्याला समजत नाही. एका वेळी पाच मिनिटेच शिकवायचे, दिवसातून तीन वेळा. कंटाळले की सोडून द्यायचे. मारायचे अजिबात नाही. मार खाल्लेला कुत्रा हाक मारली तरी जवळ येत नाही, लांबूनच पाहतो. आणि आपल्या गावात हाकेला न येणारा कुत्रा म्हणजे गेलेलाच कुत्रा.

‘ये’ हा शब्द कधीही रागाने म्हणू नये. आंघोळ घालायची असेल, औषध द्यायचे असेल, तर आपण जाऊन आणावे. ‘ये’ म्हटले की नेहमी चांगलेच मिळाले पाहिजे. हे मला बाईंनी सांगितले आणि मला ते सगळ्यात महत्त्वाचे वाटते.

खायला आम्ही भात, वरणाचे पाणी, कधी उकडलेले अंडे देतो. तिखट-मीठ नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट कुत्र्याला विषासारखे आहे. शिजवलेल्या कोंबडीचे हाडूक देऊ नये, ते टोकदार फुटते आणि घशात अडकते. सध्या तान्याचे दुधाचे दात पडत आहेत. कुत्र्याला दुधाचे २८ दात असतात, मग मोठेपणी ४२ येतात. म्हणून तो सगळे कुरतडतो. त्याला मी जुन्या लुगड्याची गाठ मारून दिली आहे.

आता बिबट्याचे सांगते. दोन वर्षांपूर्वी आमचा मोती होता. रात्री तो अंगणात साखळीने बांधलेला असायचा, राखण करायला. एका सकाळी साखळी होती आणि तुटलेला पट्टा होता. बाकी काही नव्हते. माय दोन दिवस जेवली नाही. बाईंनी आम्हाला वर्गात वाचून दाखवले की विद्या अत्रेया नावाच्या शास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सोबत्यांनी अकोले तालुक्यात, उसाच्या शेतांच्या भागात बिबट्याच्या विष्ठेचा अभ्यास केला. त्यात बिबट्याच्या खाण्यात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. बकऱ्या तेथे भरपूर होत्या, पण लोक बकऱ्या रात्री कोंडतात आणि कुत्रे बाहेर ठेवतात. मग बिबट काय करणार? हिमालयात मेंढपाळ कुत्र्याच्या गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा घालतात, कारण बिबट मान धरतो. आपल्याकडे तसा पट्टा मिळत नाही. म्हणून तान्या रात्री घरात झोपतो, दार लावून. ओसरीवरही नाही. पाहुणे नावे ठेवतात, ठेवू द्या. राखण म्हणाल तर तो आतूनही भुंकतो, आणि भुंकण्यासाठी त्याने मरायची गरज नाही.

दुसरे म्हणजे उकिरड्यावर कोंबडीची आतडी टाकू नयेत. त्यावर मोकाट कुत्री जमतात आणि कुत्र्यांच्या मागे बिबट गावात येतो. हे मोठ्या माणसांसाठी लिहिले आहे, पालकांनी कृपया वाचावे.

लस टोचणे हेही तयारीतच येते. आजोबांच्या वेळी कोणी कुत्र्याला सुई देत नव्हते. तान्याला आम्ही सायकलच्या टोपलीत बसवून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेले. आधी जंताचे औषध, मग दोन महिन्यांनंतर डिस्टेंपर व पार्वो या रोगांची लस, मग तीन महिन्यांचा झाल्यावर रेबीजची. रेबीजची लस पुढे दर वर्षी टोचावी लागते. रेबीज म्हणजे पिसाळणे. हा रोग एकदा दिसू लागला की माणूस बहुधा वाचत नाही, पण वेळेवर लस घेतली तर रोग होतच नाही. ही लस माणसाला पहिल्यांदा १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी दिली. ती ज्याला दिली तो जोसेफ माइस्टर फक्त नऊ वर्षांचा होता, म्हणजे माझ्याहून लहान. तो वाचला. कुत्रा चावला किंवा नुसते ओरबाडले तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावे. तिखट, चुना, तेल काही लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घेण्याचे दिवस गेले. आता थोडीच असतात आणि दंडात देतात. म्हणून कोणी भीतीने लपवू नये. आपल्या वर्गातल्या मुलांनी तर मुळीच नाही.

डिस्टेंपरची लस का, असे मी डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले की हा कुत्र्यांचा रोग आहे, पण तो वाघ-सिंहांनाही होतो. २०१८ साली गुजरातमध्ये गीरच्या जंगलात थोड्याच दिवसांत वीसहून जास्त सिंह मेले. त्यांतल्या काहींच्या शरीरात या रोगाचे विषाणू सापडले. म्हणजे वाघ कुत्र्याला खातो, पण आजारी कुत्राही वाघाला मारू शकतो. मला हे खरेच वाटेना. मी घरी येऊन आबाजींना सांगितले. ते बराच वेळ गप होते, मग म्हणाले, "मंग तं सगळ्याच कुत्र्यायले सुई द्यायले पायजे."

सगळ्यात कठीण धडा अजून चालू आहे. कुत्रा माणसामागे जंगलात जातो. वनरक्षक शाळेत आले होते तेव्हा त्यांनी सांगितले की जंगलात कुत्रा वाघाला पाहून भुंकतो, वाघ अंगावर आला की घाबरून आपल्या माणसाकडे पळतो, आणि मागून वाघही तिकडेच येतो. मोहफुले वेचणारी माणसे खाली वाकलेली असतात, त्यांना काही दिसत नाही. म्हणून तान्याने मायच्या मागे जायचे नाही. यासाठी ‘थांब’ शिकवतो. आधी मी एक पाऊल मागे जायची आणि लगेच परत येऊन मुरमुरा द्यायची. मग दोन पावले, मग अंगणाच्या फाटकापर्यंत. आता मी दाराआड जाऊन पन्नास अंक मोजेपर्यंत तो बसून राहतो. शाळेत येताना तो पिंपळापर्यंत सोबत येतो, ‘घरी’ म्हटले की परत जातो. कधी कधी दोनदा म्हणावे लागते.

पण पन्नास अंक म्हणजे काही फार नाही. फागुन संपता संपता मोह पडू लागेल. माय अंधारात निघते आणि उन्हे चढल्यावर परत येते. तेव्हा माझी सकाळची शाळा असेल, बाबा कामावर असतील आणि घरी आजी एकटी. आजी तान्याच्या रडण्याने लगेच विरघळते आणि दार उघडते. म्हणून उद्यापासून नवा सराव आहे. माय पहाटे रिकामी टोपली डोक्यावर घेऊन निघणार, गावाला एक फेरी मारून परत येणार. तोवर तान्या आत बसणार, आणि मी आजीजवळ बसणार.